फुंकेचे पाठ गजावर

बासरीवाल्याचा एखादा कसदार सरावपाठ व्हायोलिनच्या विद्यार्थ्याला द्यायचा, तर सरगम उतरवून घेतली की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. राग तोच, ताल तोच, सूर तेच. पण तो पाठ वहीतून वाद्यावर आला की वेगळंच दिसू लागतं. बासरीवर जिथे घाम फुटत होता तिथे व्हायोलिनवर काहीच अडत नाही, आणि बासरीवाला ज्या जागा सहज वाजवून जातो तिथे आपला विद्यार्थी ठेचकाळतो. अवघड आणि सोपं यांच्या जागा बदलतात. मग तो पाठ ज्यासाठी रचला होता ते त्यात उरलं का? मैसूर आणि टी. नरसीपूर इथे व्हायोलिन शिकवताना मी बरीच वर्षं हाच प्रश्न सोडवत आले आहे.

मी मूळची मिरजेची. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांच्या गल्ल्या पायाखालच्या होत्या, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घरात रोज निघायचं. व्हायोलिन शिकले ते गायकी अंगाचं. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार हे आमचे आदर्श. बंदिश गळ्यात बसल्याशिवाय गज हातात मिळायचा नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मैसूरला आले, आणि इथल्या एका वृद्ध विद्वानांकडे कर्नाटक संगीताचे धडे पहिल्यापासून घेतले. सरळे वरसे, जंटे वरसे, दाटु वरसे, मग वर्ण, मग कृती. खाँसाहेबही मैसूरला येत असत आणि इथल्या संगीताचा ठसा त्यांच्या सरगमांवर उमटला, हे मिरजेत लहानपणीच ऐकलं होतं. त्यामुळे आपण फार परक्या गावी आलो असं वाटलं नाही.

टी. नरसीपूर मैसूरहून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. पूर्ण नाव तिरुमकूडलु नरसीपूर. इथे कावेरी आणि कपिला, म्हणजे नकाशावरची कबिनी, एकमेकींना मिळतात. तिसरी गुप्त नदी धरून लोक याला त्रिवेणी संगम मानतात, आणि १९८९ पासून इथे दर तीन वर्षांनी कुंभमेळाही भरतो. इथल्या मंदिरातल्या गुंजा नरसिंहाच्या मूर्तीच्या चिमटीत एक गुंज आहे. काशीपेक्षा हे क्षेत्र गुंजभर जास्तच, असा त्याचा अर्थ इथली माणसं अभिमानाने सांगतात. संगीतवाल्यांना मात्र हे गाव तिरुमकूडलु चौडय्यांचं म्हणून ठाऊक आहे. १८९५ साली जन्मलेला हा मुलगा मैसूरला बिडारम कृष्णप्पांच्या घरी राहून शिकला आणि पुढे दक्षिणेतल्या पहिल्या रांगेच्या व्हायोलिनवादकांत गणला गेला. कृष्णप्पा कोंकणी बोलणाऱ्या घरातले होते. मैसूरमध्ये त्यांनी उभारलेल्या सीताराम मंदिरात मैफली होतात. 

चौडय्यांचं विशेष म्हणजे सात तारांचं व्हायोलिन. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात गवयाचा आवाज दालनाच्या टोकापर्यंत पोचायचा, पण साथीचं व्हायोलिन मागच्या रांगांना ऐकू यायचं नाही. १९२७ च्या सुमारास त्यांनी नेहमीच्या चार तारांना आणखी तीन तारांची जोड दिली. एका बोटाखाली दोन तारा, एका गजाखाली दोन तारा, म्हणजे आवाज दाट आणि भारदस्त. माझे विद्यार्थी ही गोष्ट आवाज मोठा करण्याची युक्ती म्हणून सांगतात. मी ती वेगळ्या कारणासाठी सांगते. तारा वाढल्या तेव्हा बोटांचा दाब, गजाचा भार, तार बदलताना मनगटाचं वळण, सगळं त्यांना नव्याने बसवावं लागलं असणार. जुने पाठ त्या नव्या वाद्यावर जसेच्या तसे वाजले नसणार. ज्या गावात असा माणूस जन्मला, तिथल्या मुलांना ‘हे आपल्या वाद्यावर होत नाही’ असं म्हणण्याची मुभा मी देत नाही.

बासरीचे पाठ माझ्याकडे आले ते मैसूरच्या एका वेणुवादकांमुळे. आयुष्यभर त्यांनी शिष्यांसाठी सरावाच्या रचना लिहिल्या. त्या कुठल्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हत्या. मोहनम्, हंसध्वनी, कल्याणी, खरहरप्रिया अशा रागांत दोन-दोन पानांचे पाठ, तीन लयींत वाजवायचे, आणि प्रत्येकाच्या वर कन्नडमध्ये एक ओळ: हा कशासाठी आहे. कुठला श्वासासाठी, कुठला जिभेसाठी, कुठला अर्ध्या उघडलेल्या छिद्रासाठी. ती एक ओळ मला त्या सबंध वहीत सगळ्यांत मोलाची वाटते. माझ्याकडची तयार मुलं विद्वत् परीक्षेच्या आसपासची होती. त्यांचं वर्ण स्वच्छ वाजायचं, कृती चांगली वाजायची, पण कल्पनास्वरांना, म्हणजे आयत्या वेळी रचायच्या सरगमांना, बसले की सगळ्यांचे हात त्याच चार-पाच ओळखीच्या वाटांनी जायचे. हात आपल्या सोयीने विचार करायला लागला की वादन तिथेच थांबतं. दुसऱ्या वाद्याचे पाठ त्याला सोयीच्या वाटेवरून हटवतात. म्हणून मी त्या वेणुवादक गुरुजींकडे वही मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली.

त्यातला मोहनम् रागाचा एक पाठ. मोहनम् म्हणजे सुरांच्या हिशेबाने आपला भूप. पाठ सप्तकाच्या उड्यांचा. सा–सां, रे–रें, ग–गं, प–पं, आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट, मग उलट्या क्रमाने. बासरीवर अशी उडी मारताना बोटं जवळपास जागची हलत नाहीत. फुंक बदलते, ओठ किंचित आवळतात, आणि सूर वरच्या सप्तकात उडी घेतो. त्या पाठाचा हेतूही तेवढाच होता: बोटं स्वस्थ ठेवून सगळं काम श्वासाकडून करून घेणं.

व्हायोलिनवर तो पाठ लिहिलाय तसा, मधल्या आणि तार सप्तकात वाजवला, तर निराळंच काही होतं. आपल्याकडे तारा सा-प-सा-प अशा लावतात. मधला रिषभ षड्जाच्या तारेवर, तार रिषभ पंचमाच्या तारेवर पार वर. म्हणजे प्रत्येक उडीला डावा हात मानेवरून वरखाली धावणार. एका मुलीने आठवडाभर घासून तो पाठ तसा बसवलाही. ऐकायला चमकदार होता. पण तिने कमावलं ते हाताची धाव. बोटं स्वस्थ ठेवण्याचा मूळ मुद्दा त्यात कुठेच नव्हता.

तोच पाठ मी एक सप्तक खाली आणला आणि सगळं जागेवर बसलं. चौथी तार मंद्र षड्जाची, दुसरी मध्य षड्जाची. तिसरी मंद्र पंचमाची, पहिली मध्य पंचमाची. म्हणजे मंद्र रिषभ चौथ्या तारेवर ज्या जागी ज्या बोटाने लागतो, मध्य रिषभ दुसऱ्या तारेवर त्याच जागी त्याच बोटाने लागतो. गांधाराचं तसंच. पंचमाची उडी तर मोकळ्या तारांची, तिसरीवरून पहिलीवर. धैवत त्याच दोन तारांवर, एकाच बोटाचा. बासरीवर जसं बोट तेच आणि फुंक वेगळी, तसं इथे बोट तेच आणि तार वेगळी. डावा हात शांत राहतो आणि सगळी परीक्षा उजव्या हाताची होते, कारण दर उडीला गजाला मधली एक तार न छेडता ओलांडावी लागते. जरा चुकलं की मधला पंचम किंवा षड्ज भुंकतो.

त्यातून आणखी एक फायदा झाला. बासरी मंद्र सप्तकात फार खाली जातच नाही. त्यामुळे तिचे पाठ व्हायोलिनवर जसेच्या तसे आणले की वरच्या दोन तारांवरच फिरत राहतात. आमची मुलंही तिथेच रमतात. जाड तारा फक्त आलापीच्या सुरुवातीला आठवायच्या, ही सवय. जाड तार उशिरा बोलते. तिला गजाचा भार क्षणभर आधी द्यावा लागतो आणि चौपट लयीत तो क्षण काढायचा कुठून, हा खरा अभ्यास आहे. त्या मुलीने खालचा पाठ पुन्हा पहिल्या लयीपासून बसवला. महिन्याभरात तिच्या मंद्र सप्तकाचा आवाज इतका उघडला की बाहेर चपला काढत असलेल्या एका पालकांनी आत डोकावून आज नवीन व्हायोलिन आणलं का, असं विचारलं.

तेव्हापासून मी कुठलाही पाठ उतरवायला घेतला की आधी वरची ती ओळ वाचते. हा कशासाठी आहे? मग विचार करते की आपल्या वाद्यावर तीच गोष्ट कुठे अडते. सूर नंतर. गरज पडली तर सूर बदलते, सप्तक बदलते, आख्खी ओळ उलटवते. पाठ सोपा करणं मला मान्य नाही. त्याची अडचण दुसरीकडे हलवणं मान्य आहे.

श्वासाचं प्रकरण याहून कठीण निघालं. बासरीच्या वहीत श्वासाच्या जागी छोटी खूण असते. व्हायोलिनला श्वास लागत नाही, म्हणून मुलं ती खूण ओलांडून पुढे जातात. दोन पानं अखंड, एकसारखी, धापही न टाकता. एका तयार मुलाचं असं वादन ऐकताना मलाच गुदमरल्यासारखं व्हायचं आणि नेमकं कशामुळे ते त्याला पटवता यायचं नाही. शेवटी त्याला सांगितलं, वाजवताना तीच सरगम तोंडाने मोठ्याने म्हण. दुसऱ्या ओळीच्या मध्याला त्याचा दम संपला. तो थांबला, श्वास घेतला, आणि गजही आपसूक उचलला गेला. तीच जागा होती, वहीत खूण केलेली. त्याने खुणेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पहिल्यापासून सुरुवात केली. चौडय्या, जोग, दातार, सगळ्यांच्या वादनात गळा दिसतो तो यामुळेच. गळ्याला जिथे थांबावंसं वाटतं तिथे गज थांबतो.

पण याचीही एक दुसरी बाजू आहे. काही ओळींत बासरीवाला श्वास घेतो तो केवळ नाइलाजाने. ओळ तिथे तुटायला नको असते. अशा ठिकाणी व्हायोलिनने ती तुटू द्यावी का? मला वाटतं, नाही. जिथे वाक्य संपतं तिथे श्वास ठेवावा आणि जिथे फक्त दम संपतो तिथे ओळ जोडून न्यावी. हे ठरवायला रागाची जाण लागते, आणि विद्यार्थ्यांशी माझे सगळ्यांत लांबलेले वाद याच जागांवर झाले. ओळ जोडायची तर गज उलटतानाचा सांधा ऐकू येता कामा नये, आणि ते शिकवायला मला योग्य शब्द सापडले ते एका विद्यार्थ्याच्या आईकडून. टी. नरसीपुरात मैसूर रेशमासाठी कच्चं सूत काढणारी सरकारी गिरणी आहे. या बाईंनी आयुष्यभर कोषांचं सूत काढण्याचं काम केलेलं. मुलाचा सांधा खडबडीत येत होता, तेव्हा त्या भिंतीशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘मिस, कोषाचा धागा संपायला आला की आम्ही संपायची वाट बघत नाही. जुना अजून चालू असतानाच नवा त्यात सोडतो. मग गाठ पडत नाही.’ मुलगा तिथल्या तिथे समजला. गज टोकाला पोचून थांबण्याआधीच मनगटाने उलटायची तयारी सुरू करायची. आता माझ्या वहीत ओळ जोडायच्या जागी मी कोषाचीच खूण करते आणि सगळी मुलं ती ओळखतात.

मग जिभेचे पाठ. दक्षिणेत बासरीवाले सूर तोडून वाजवण्यासाठी जिभेचा जो वापर करतात त्याला तुत्तुकार म्हणतात. वेगात तो फार देखणा लागतो, एकेक सूर मोत्यासारखा सुटा. आमच्याकडे गायकीचा लांब गज सगळ्यांना इतका प्रिय की सुटे सूर वाजवायची वेळ आली की मुलांचा गज थरथरतो. मी ते पाठ आधी पूर्ण सुट्या गजाने देते, गजाच्या मधल्या वीतभर भागात. मग दोन सूर एका गजात, दोन सुटे. मग दोन जोडून एक सुटा, आणि ताल आदिच ठेवायचा, म्हणजे जोर दर वेळी वेगळ्या मात्रेवर पडतो. हा शेवटचा भाग बासरीच्या वहीत नाही, तो मी घातला आहे. जिभेला गजासारखी उलटसुलट दिशा नसते. गजाला असते, आणि खाली येणाऱ्या गजात जोर आपोआप भरतो. तो जोर हुकमी व्हावा, नको तिथे येऊ नये, यासाठी हा फेरफार लागतो.

माझी भाची जर्मनीत शिकते आणि बॅसून वाजवते. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं असेल. सनईसारखी दुहेरी पत्ती, पण नळी सुमारे अडीच मीटर लांब, दुमडून उभी केलेली, आणि आवाज खोल, लाकडी. एकट्या डाव्या अंगठ्याच्या वाट्याला आठ-दहा चाव्या. एकदा व्हिडिओ कॉलवर ती मला म्हणाली, ‘मावशी, तू करतेस तेच आमचे सर करतात.’ बॅसूनचे स्वतःचे सरावपाठ आहेत, वाइसेनबोर्न आणि मिल्डे यांचे तर प्रत्येक विद्यार्थ्याला करावेच लागतात. पण वरच्या वर्गात तिच्या शिक्षकांनी योआखिम आन्डर्सनचे बासरीचे पाठ दिले होते. आन्डर्सन (१८४७–१९०९) हा डेन्मार्कचा बासरीवादक, १८८२ साली स्थापन झालेल्या बर्लिन फिलहार्मोनिकच्या पहिल्या फळीतला. त्याचे ओपस १५ चे चोवीस पाठ, चोवीसही स्वरपट्ट्यांत एकेक, जगभरचे बासरीवादक आजही घासतात. बासरीचा पल्ला साधारण तीन सप्तकं. तो दोन सप्तकं खाली आणला की बॅसूनच्या पल्ल्यात जवळजवळ अचूक बसतो.

बसतो, पण वाजत नाही. भाचीने मला दाखवलं. बासरीवर जोडून घ्यायची एक चढती उडी असते, फुंकेने सहज निघणारी. बॅसूनवर तीच उडी काही ठरावीक सुरांवर गेली तर डाव्या अंगठ्याने एका चावीला क्षणभर टिचकी द्यावी लागते, नाहीतर सूर फाटतो. आन्डर्सनच्या पानावर अशा उड्या ओळीने येतात. अंगठा त्या वेगाला पुरत नाही. शिवाय खालच्या टोकाचे सूर जिभेने झरझर तोडता येत नाहीत. नळीतली हवा जागी व्हायला वेळ घेते. मी लगेच म्हटलं, आमच्या जाड तारेचंच दुखणं! तिच्या शिक्षकांनी त्या ओळींतल्या जोडणाऱ्या कमानी हलवल्या होत्या, खालच्या सुरांवर दोन-दोन सूर जोडून जिभेचं ओझं हलकं केलं होतं, आणि टिचक्यांच्या ओळी मात्र मुद्दाम ठेवल्या होत्या, लय कमी करून. श्वासाचंही गणित बदललं होतं. बासरीत हवा भराभर खर्च होते, दुहेरी पत्तीला त्या मानाने कमी लागते. म्हणून काही खुणा काढून टाकलेल्या, काही तशाच. काढलेली प्रत्येक खूण तिने मला दाखवली आणि आम्ही दोघी त्यावर तासभर बोललो. एवढं मोकळं बोलणं माझं इथल्या सहकाऱ्यांशीही क्वचित झालं आहे. एका वाद्याचा पाठ दुसऱ्यावर नेणारे लोक सगळीकडे असतात आणि त्यांना एकमेकांची भाषा चटकन कळते.

मैसूरच्या आसपास तर ही परंपराच आहे. व्हायोलिन स्वतः परदेशातून आलेलं आणि इथे मांडी घालून बसलेलं. कद्री गोपालनाथांनी मैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि त्याचं वेड घेतलं. वडील नागस्वरवादक. सॅक्सोफोनवर गमक आणण्यासाठी त्यांनी वाद्यात बदल केले आणि वर्षानुवर्षं खपून त्या पितळी वाद्यातून कर्नाटक रागाचं बोलणं काढलं. माझ्या मुलांना मी त्यांच्या ध्वनिमुद्रणातला एखादा आलाप ऐकवते आणि विचारते, यात सॅक्सोफोनचं काय आहे आणि नागस्वराचं काय? उत्तरं दर वेळी वेगळी येतात, आणि दर वेळी ऐकण्यासारखी असतात.

बासरीवरून व्हायोलिनवर येताना एक गोष्ट फार सोपी होऊन जाते, आणि तीच घातक आहे. ती म्हणजे घसीट. बासरीवर सुरातून सुरात सरकायचं तर बोट छिद्रावरून हळूहळू उघडावं लागतं. हे कष्टाचं काम आहे, म्हणून बासरीवाला ते जपून वापरतो. व्हायोलिनवर बोट तारेवर सरकवलं की झालं. मग मुलं सगळीकडेच सरकतात. हंसध्वनीच्या पाठात गांधारावरून पंचमावर स्वच्छ पाऊल टाकायचं असतं, तिथेही मधला सगळा चिखल तुडवत जातात. मी अशा पाठांत जिथे घसीट चालणार नाही तिथे सुराखाली आडवी रेघ मारते. काही विद्यार्थ्यांना, विशेषतः ज्यांचा गळा गोड आहे त्यांना, हा जुलूम वाटतो. एका मुलाच्या वडिलांनी, ते स्वतः जाणकार श्रोते होते, मला स्पष्टच विचारलं की, गायकी अंगाच्या वाद्यावर बासरीची शिस्त लादण्यात काय हशील? प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटलं, महिनाभर त्याला पाठ करू द्या, मग त्याचा कल्याणी आलाप ऐका. महिन्याने ते आले. मुलाच्या आलापात घसीट होतीच, पण आता ती निवडून घेतलेली होती. जिथे सूर स्वच्छ उभा राहायला हवा तिथे तो उभा राहत होता. वडील ऐकून ‘ठीक आहे’ एवढंच म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात धाकट्या मुलीलाही घेऊन आले.

या सगळ्या मेहनतीची खरी परीक्षा वर्गात होत नाही, मंचावर होते. कर्नाटक मैफलीत व्हायोलिनवादकाला बासरीची साथ करावी लागते, आणि साथ म्हणजे काय तर समोरच्याने आत्ता वाजवलेली ओळ पुढच्या श्वासात आपल्या वाद्यावर उतरवणं. तिथे वही नाही, विचाराला वेळ नाही. टी. आर. महालिंगम्, म्हणजे सगळ्यांचे माली, बासरीवर जे चमत्कार करीत ते साथीला बसणाऱ्याची झोप उडवणारे असत. आणि त्यांच्या साथीला चौडय्याही बसले आहेत. या साथीची गोष्ट मी टी. नरसीपूरच्या वर्गात मुद्दाम सांगते, कारण ज्या कामाला आम्ही महिने लावतो ते या गावच्या माणसाने श्रोत्यांसमोर तत्क्षणी केलं.

रामनवमीच्या दिवसांत या भागात जागोजागी मैफली होतात. अशाच एका छोट्या मंडपात, रस्त्याकडेला, माझी ती सप्तकाच्या उड्यांची मुलगी एका तरुण बासरीवादकाच्या साथीला होती. मोहनम्‌मधल्या कल्पनास्वरांत त्याने एकदम सप्तकाच्या उड्या घेतल्या, वर, तार सप्तकात, चौपट. मी तिसऱ्या रांगेत होते. तिने वर पाठलाग केला नाही. गज खालच्या तारांवर टेकवला आणि तीच ओळ एक सप्तक खाली, मंद्रात, बोटं जागची न हलवता वाजवली. मृदंगवाले हसले आणि त्यांनी तिला जोरदार हात दिला. बासरीवाला वळून पाहू लागला, मग त्याने पुढची ओळ आपणहून खाली, त्याच्या वाद्याच्या तळाशी नेली, आणि दोघं बराच वेळ त्या दाट आवाजात बोलत राहिले. मैफलीनंतर मी तिला एवढंच विचारलं की, मधली तार वाजली का? ‘एकदा’, ती म्हणाली. मला ती ऐकू आली नव्हती.

टी. नरसीपूरपासून जवळच, याच तालुक्यात, सोमनाथपूरचं केशव मंदिर आहे, तेराव्या शतकातलं. तीन गाभाऱ्यांपैकी एकात वेणुगोपाळ आहे. वर्षातून एकदा तयार मुलांना घेऊन मी तिथे जाते. पुस्तकी कारण नसतं. मुलं त्या मूर्तीसमोर उभी राहून बासरी धरण्याच्या ढबीवर, मानेच्या कलावर, उभं राहण्याच्या तोलावर बोलत असतात. आमचं वाद्य बसून वाजवायचं, मान खाली, डोकं उजव्या पायावर टेकवलेल्या व्हायोलिनकडे झुकलेलं. मी त्यांना विचारते की, उभ्याने फुंकणाऱ्याच्या छातीला जी मोकळीक असते ती बसलेल्या वादकाने कुठून आणायची? एका मुलाने खांदे खाली सोडून, पाठीचा कणा ताठ करून तिथल्या ओट्यावर बसून दाखवलं. तेव्हापासून वर्गात गज उचलण्याआधी तो स्वतःच सगळ्यांच्या पाठी तपासत फिरतो.

सध्या माझ्याकडे एकजण व्हायोला घेऊन येतो. बालमुरलीकृष्णांनी व्हायोला वाजवला होता, तेव्हा इथे तो कुणाला फार परका नाही. पण त्याच्यासाठी लिहिलेला एकही सरावपाठ आमच्याकडे नाही. त्याने गुरुजींच्या वहीतला खरहरप्रियाचा पाठ स्वतःच उतरवला आणि मला दाखवला. श्वासाच्या सगळ्या खुणा त्याने ठेवल्या आहेत, जिथे केवळ दम संपतो त्याही. त्याचं म्हणणं असं की, व्हायोलाची तार इतकी जड आहे की त्या जागी तिलाही थांबावंसं वाटतं. मला ते अजून पटलेलं नाही. पाचव्या ओळीतली खूण तरी निघायला हवी असं माझं मत आहे, तिथे निषादावर वाक्य अर्धवट लटकतं. त्याने ती ओळ मला दोन्ही प्रकारे वाजवून दाखवली, आणि येत्या शनिवारी तोच पाठ बासरीवर वाजवून दाखवायला गुरुजींच्या एका शिष्याला मी वर्गात बोलावलं आहे.